दहावीची उजळणी आणि दारात शिमगा: शेवटचा महिना कसा लावायचा?

कातळवाट
नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. राजापूर तालुक्यातलं गाव, मराठी माध्यमाची शाळा. क्लास लावलेला नाही, कारण संध्याकाळी परतायला एसटीची खात्री नाही. पोर मेहनती आहे. सगळे धडे तिने बऱ्याचदा वाचून काढलेत, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून पुस्तकं रंगवलीत. तरी प्रिलिमला भूगोल आणि विज्ञान भाग २ मध्ये गुण फारच खाली आले. मला म्हणाली, "आई, वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण लिहायला बसलं की येत नाही."

त्यात परीक्षेच्या मधोमध शिमगा. पालखी घरी येणार, मुंबईची माणसं येणार, घर भरणार. सण टाळायचा नाही आणि पोरीचं नुकसानही करायचं नाही. प्रत्येक विषयाची उजळणी वेगळी करायची असते का? शेवटचा महिना कसा लावावा? ज्यांनी स्वतः केलंय किंवा मुलांकडून करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गुहागरचा_वारा
ताई, मी माध्यमिक शाळेत शिकवतो. तुमच्या मुलीने दुखणं नेमकं सांगितलंय. वाचून ओळखीचं वाटणं आणि न बघता आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिने आजवर पहिल्याचाच सराव केला आणि पेपरात विचारतात दुसरं.

यावर २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे आज रात्री वाचून मिळालेला आत्मविश्वास पुढच्या आठवड्यापर्यंत टिकेलच असं नाही.

घरी असं करा. धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. वाक्यं नकोत, मुद्दे आणि आकृत्या पुरतात. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त लाल शाईचं आठवायचं. तीन-चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद, आठवड्याने पुन्हा. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो हे एबिंगहाउसने १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या जवळजवळ ठेवायच्या. पहिला आठवडा पोरीला फार जड जाईल, कागद अर्धा रिकामा राहील. तेव्हा "एवढं वाचून काही येत नाही" असं घरातल्या कुणीही म्हणू नये. आठवताना होणारा तो त्रास हाच अभ्यास आहे.

दर्यावर्दी
सर, हे सगळ्या विषयांना चालतं? गणित कोऱ्या कागदावर कसं आठवायचं?

तिसऱ्यांचं_कालवण
गणितवाले येतील उत्तर द्यायला, तोवर विज्ञान भाग २ बद्दल मी सांगते. प्राण्यांचं वर्गीकरण हा धडा आम्ही मासळीबाजारात पाठ केला. बाबा पाटीकडे बोट दाखवायचे आणि आम्ही संघ सांगायचा. कोळंबी, कुर्ली, शेवंड: संधिपाद. तिसऱ्या, कालवं, म्हाकूल: मृदुकाय. बांगडा, सुरमई, पापलेट: पृष्ठवंशीय, हाडांचा सांगाडा. मोरी आणि वागळी: पृष्ठवंशीयच, पण सांगाडा कूर्चेचा. पुळणीवर तारामासा सापडला तर कंटकचर्मी. तारामासा आणि म्हाकूल या दोघांना पुष्कळ मुलं माशांत टाकतात, तिथे गुण जातात.

आणि नुसतं नाव नाही, लक्षण सांगायचं. "कुर्ली संधिपाद का?" पायांना सांधे आहेत, अंगावर कायटिनचं कवच आहे. पेपरात कारणच विचारतात.

केळफूल
आमच्याकडे मासळी नाही हो. आम्ही कुठे जायचं? 😀

तिसऱ्यांचं_कालवण
@केळफूल, परसात जा! केळीखाली गांडूळ मिळेल, तो वलयी. माडाच्या बुंध्याला गोगलगाय, ती मृदुकाय. कोळी आणि वाणी दोन्ही संधिपाद. पाल दिसली की सरीसृप, पावसाळ्यातला बेडूक उभयचर. एक रुपया खर्च नाही आणि आंघोळही करावी लागत नाही.

शून्य_बाकी
गणिताबद्दल. @दर्यावर्दी, गणितात सुद्धा पुस्तक मिटायचंच, फक्त सोडवलेलं उदाहरण झाकून. पुष्कळ मुलं सोडवलेलं उदाहरण वाचतात, मान हलवतात आणि पुढे जातात. उदाहरण झाकून पहिली ओळ स्वतः लिहायची. अडलं तर पुस्तकातली एकच ओळ बघायची, पुन्हा झाकायचं.

दुसरं, एका प्रकरणाचा एकाच दिवशी फडशा पाडू नका. वर्गसमीकरणाची वीस गणितं ओळीने सोडवली तर पद्धत कोणती हे ठरवावंच लागत नाही, हात आपोआप चालतो. पेपरात मात्र श्रेढी, संभाव्यता, सांख्यिकी सगळं मिसळून येतं आणि आधी ओळखावं लागतं की हे आहे काय. म्हणून चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर एक गणित, प्रकरणाचं नाव न लिहिता. डब्यात टाका, रोज पाच काढा.

भाग २ मध्ये प्रमेयं आकृतीपासून सुरू करा. पायथागोरसचं प्रमेय, समरूपतेतलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, वर्तुळातलं आंतरलिखित कोनाचं प्रमेय. आकृती, पक्ष, साध्य, रचना आणि मग सिद्धता. पक्ष आणि साध्य नीट लिहिलं की सिद्धतेचं निम्मं सुचतं. भौमितिक रचनेला पेन्सिलीला टोक असू दे, जाड रेघेने स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जातच नाही.

आणि चुकांची वही ठेवा. उत्तर नाही, चूक कशामुळे झाली तेवढं एका ओळीत. "चिन्ह बदललं नाही." "सांख्यिकीत वर्ग सलग केले नाहीत." पेपरच्या आदल्या रात्री फक्त ही वही चाळायची.

माडाची_झाप
एवढं सगळं कशाला? अपेक्षित प्रश्नांचा संच आणा, त्यातले प्रश्न करा, विषय संपला. आमच्या वेळी सगळे असेच पास झाले.

गुहागरचा_वारा
@माडाची_झाप, नम्रपणे असहमत. आता कृतिपत्रिका असते. मराठीत न वाचलेल्या उताऱ्यावर प्रश्न येतात, गणितात चौकटी भरून कृती पूर्ण करायची असते, भूगोलात समोर दिलेला नकाशा वाचून उत्तर द्यायचं असतं. पाठ केलेलं उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. संच सरावाला वापरावा, पण आधी पाठ्यपुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय स्वतः सोडवून. चौकटीतली माहिती, "विचार करा" आणि "सांगा पाहू" हेही सोडू नये.

माडाची_झाप
ठीक आहे सर, स्वाध्यायाचं पटलं. पण ज्याला पासापुरतंच हवंय त्याला संच आधार देतो, हे माझं म्हणणं कायम आहे.

घाटमाथा
मूळ धाग्यात भूगोल विचारलाय, त्यावर कुणीच बोललं नाही. मला या विषयाची मनापासून आवड आहे म्हणून लांब लिहितो.

दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. मुलं ब्राझील वेगळा, भारत वेगळा असा पाठ करतात आणि सरमिसळ होते. आपल्या पोरांना ब्राझील समजायला फार सोपा आहे, कारण त्याची गुरुकिल्ली आपल्या दाराबाहेर उभी आहे. अरबी समुद्रावरून नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, सह्याद्री अडवतो, कोकणात आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पलीकडे माण-खटाव कोरडं राहतं. आता नकाशा मनात उलटा करा. ब्राझीलला समुद्र पूर्वेला आहे. अटलांटिकवरून व्यापारी वारे येतात, उच्चभूमीच्या पूर्व कडेचा अजस्र कडा त्यांना अडवतो, किनाऱ्याला प्रतिरोध पाऊस मिळतो आणि पलीकडे पर्जन्यछाया. ईशान्येकडचा तो कोरडा भाग म्हणजे अवर्षण चतुष्कोन. हे एकदा समजलं की हवामान, वनस्पती, लोकसंख्येचं वितरण आणि शेती हे चारही धडे एका साखळीत येतात. कोरड्या भागात वस्ती विरळ, किनाऱ्याला दाट. कारण पाठ करावं लागत नाही.

ऋतूंचंही तसंच. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात, म्हणून आपली थंडी तेव्हा त्यांचा उन्हाळा. वेळेचं गणित आलं तर लक्षात ठेवा: आपण ब्राझिलियाच्या साडेआठ तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तिथे दुपारचे बारा.

आणि गुणांकडे बघा. चाळीसपैकी नकाशाला आठ आणि आलेखाला सहा. म्हणजे चौदा गुण हाताच्या सरावाचे आहेत. रोज रात्री जेवणाआधी एक कोरा नकाशा: एक दिवस ब्राझील, एक दिवस भारत. ॲमेझॉन, पँतानाल, ब्राझिलिया, रिओ. आपल्याकडे नर्मदा, चिल्का, लक्षद्वीप. सूची आणि चिन्हं विसरायची नाहीत. आलेखाला शीर्षक आणि प्रमाण लिहायचंच.

कातळवाट
@घाटमाथा, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. तिने लगेच पाटीवर सह्याद्री आणि ब्राझीलचा कडा काढून वाऱ्याचे बाण दाखवले. घाट तिने पाहिलाय, अणुस्कुऱ्याने कोल्हापूरला जाताना. खूप आभार.

बंदर_रोड
मी रापणकराचा, म्हणजे जाळं ओढून मासेमारी करणाऱ्याचा मुलगा, आता आयटीआय करून इलेक्ट्रिकची कामं करतो. विज्ञान भाग १ बद्दल दोन शब्द. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात भरती-ओहोटी आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे आमच्या घरी पोराटोरांना ठाऊक. कारण पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो. असं आपल्या माहितीतलं पुस्तकात सापडलं की ते विसरत नाही. धातुविज्ञानात क्षरण: खाऱ्या हवेत पत्रा आणि खिळे लवकर गंजतात, म्हणून जस्ताचा थर देतात. उष्णतेच्या धड्यात सापेक्ष आर्द्रता. मे महिन्यात घाम का सुकत नाही ते आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

विद्युतधारेच्या धड्यात उजव्या हाताचा अंगठ्याचा नियम आणि फ्लेमिंगचे डाव्या-उजव्या हाताचे नियम मुलं गोंधळतात. चलित्राला (मोटरला) डावा, जनित्राला (जनरेटरला) उजवा. हात वापरून करा, पाठ करू नका. पेपरात हात फिरवला तर पर्यवेक्षक काही बोलत नाहीत.

केळफूल
पेपरात दहा पोरं एकदम हात वाकडे करून बसलेली डोळ्यासमोर आली! 😀

मालवणी_काकी
इतिहासाक कोण वाली नाय काय? आमच्या गावच्या जत्रेक रातभर दशावतार. झिलान विचारल्यान, "आये, जांव?" मी सांगलंय, जा, पण सकाळी माका त्या मनोरंजनाच्या धड्यातला सगळा सांगूक होया. सकाळी चाय पिता पिता संकासुरापासून सुरवात केल्यान, दशावतार, कीर्तन, भारूड, पोवाडो, तमाशो, सगळा सांगल्यान. बघितलेला विसराक होत नाय.

पोंभुर्लेकर
काकी, अगदी बरोबर. प्रसारमाध्यमांचा धडाही आपल्या मातीतला आहे. 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. पहिला अंक ६ जानेवारी १८३२, म्हणून तो दिवस पत्रकार दिन. मुलाला एकदा तिथे घेऊन गेलो. सनावळ्या नुसत्या पाठ करण्यापेक्षा एक कालरेषा भिंतीवर लावा: १८३२ दर्पण, १८८१ केसरी, पुढे आकाशवाणी, दूरदर्शन. येता-जाता नजर पडते.

इतिहासाची उत्तरं मात्र मुद्द्यांत लिहा. संकल्पनाचित्र आणि टीप यांचे गुण हातचे असतात. राज्यशास्त्राला शेवटच्या दिवशी ठेवू नका, धडे छोटे आहेत आणि गुण सहज मिळतात.

डोंबिवलीहून
मी चाकरमानी, शिमग्याला गावी येणारच. आम्ही घरात काय करू नये ते सांगा, सगळ्या चाकरमान्यांना ग्रुपवर पाठवतो.

कातळवाट
@डोंबिवलीहून, किती बरं वाटलं हे वाचून! "किती टक्के पडणार?" एवढं विचारू नका. आणि रात्री ओटीवर गप्पा रंगल्या तर पोरांच्या खोलीपासून लांब.

सड्यावरचा_काजू
माझं मत स्पष्ट आहे. परीक्षा वर्षातून एकदा, पालखी दरवर्षी. मुलीला या वर्षी आजोळी किंवा मैत्रिणीकडे अभ्यासाला पाठवा. नंतर पश्चात्ताप नको.

तिसऱ्यांचं_कालवण
@सड्यावरचा_काजू, मला हे अजिबात पटत नाही. ढोल वाजायला लागला की आजोळी बसलेली पोर काय वाचणार? तिचं मन इथेच. पालखी अंगणात येते तेवढा वेळ तिला येऊ द्या, ओटी भरू द्या, पाया पडू द्या. मग दार लावून अभ्यास.

सड्यावरचा_काजू
आणि रात्रीचे खेळे, नमन? ते पहाटेपर्यंत चालतात. तिथे कोण उठवणार?

गुहागरचा_वारा
दोघांचंही ऐकून मधलं सांगतो, कारण यात वेळापत्रकाचा भाग आहे. गेली काही वर्षं भाषा आधी, मग गणित, विज्ञान आणि शेवटी सामाजिक शास्त्रं असा क्रम आहे. २०२५ मध्ये परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती आणि होळी १३ मार्चला. म्हणजे विज्ञान संपलं आणि इतिहास-भूगोल उरले, तेव्हा होम पेटला. होळीची तारीख आणि आपल्या घरी पालखी येण्याचा दिवस गावात आधीच ठरलेला असतो. बोर्डाच्या वेळापत्रकाशेजारी तो लिहून ठेवा आणि त्या आठवड्यातल्या विषयांच्या फेऱ्या जानेवारी-फेब्रुवारीतच पूर्ण करा. त्या दिवसांत नवं काही वाचायचं नाही, फक्त लाल शाई आणि नकाशे.

रात्रीच्या जागरणाबद्दल मात्र मी @सड्यावरचा_काजू यांच्या बाजूने. पालखीचं दर्शन हो, रात्रभर नमन नाही. वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते. अकराला पेपर असतो, तेव्हा डोकं ताजं हवं.

सड्यावरचा_काजू
हे मान्य. पण घरातल्या मोठ्यांनीही तेवढी शिस्त पाळावी, नुसती पोरांना सांगू नये.

गोमू_आली
मी गेल्या वर्षी दहावी दिली, लांजा तालुक्यातून. ताईंच्या मुलीसाठी लिहिते. मराठीत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि आम्ही सगळ्या मुली ते "येतंच" म्हणून सोडायचो. पत्र, बातमी, जाहिरात यांचा सराव गावातल्याच गोष्टींवर केला. पालखीची बातमी, काजूच्या रोपांची जाहिरात, बंद पडलेल्या एसटीसाठी आगारप्रमुखांना पत्र. इंग्रजीत तीच बातमी पुन्हा लिहायची. हेडलाइन, डेटलाइन, लीड, मग बाकीचं. विषय ओळखीचा असला की इंग्रजी शब्दांवर लक्ष देता येतं. मॅडमना वही दाखवून चुका काढून घ्यायचे.

संस्कृत-हिंदी संयुक्त असेल तर संस्कृतची रूपं आंघोळीला जाता-येता मोठ्याने म्हणायची. आजी पण म्हणायला लागली होती माझ्याबरोबर.

आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या धड्यात २०२० चं निसर्ग वादळ आणि २०२१ चा चिपळूणचा पूर उदाहरण म्हणून लिहिला. आम्ही ते पाहिलंय, त्यामुळे आधी, दरम्यान आणि नंतर काय करायचं ते आपोआप सुचलं.

माडाची_झाप
शाब्बास गं पोरी. एक विचारतो, टक्केवारी पाच विषयांची धरतात ना? मग एक विषय सोडला तर?

शून्य_बाकी
@माडाची_झाप काका, टक्केवारी उत्तम पाच विषयांची, पण उत्तीर्ण सहाही विषयांत व्हायचं असतं. शिवाय मुलं बहुतेक वेळा गणितच सोडायला निघतात आणि पुढे डिप्लोमाला तेच लागतं. सोडू देऊ नका.

बंदर_रोड
आपला विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो हेही पोरांना सांगा. २०२५ ला कोकण ९८.८२ टक्के, राज्य ९४.१०. वाडीवस्तीवरून डोंगर उतरून येणारी पोरं आहेत ही. मला याचा फार अभिमान वाटतो.

गुहागरचा_वारा
अभिमान मलाही आहे. शिक्षक म्हणून एवढंच वाटतं की पास झालेल्या प्रत्येकाला विषय समजलेला असावा, म्हणून या धाग्यावर इतकं लिहितोय.

कातळवाट
सगळ्यांचे आभार. कालपासून सुरुवात केली. सकाळी गणिताच्या चिठ्ठ्या, दुपारी एक धडा कोऱ्या कागदावर, संध्याकाळी नकाशा. जीवनप्रक्रियेचा धडा तिने आठवून लिहिला तेव्हा पानभर लाल झालं आणि ती रडवेली झाली. सरांनी आधीच लिहिलं होतं म्हणून मी शांत राहिले. आज तोच कागद पुन्हा केला, लाल बरंच कमी. एक शंका आहे: पूर्ण पेपर घड्याळ लावून कधी सोडवायला बसवू? आणि वीज गेली तर?

शून्य_बाकी
आठवड्यातून दोन पेपर, सकाळी ठीक अकराला, परीक्षेच्याच वेळेला. चाळीस गुणांना दोन तास आणि वरची दहा मिनिटं. ती दहा मिनिटं लिहायला धरू नका, तपासायला ठेवा. दिवसा सोडवलं की विजेचा प्रश्नच येत नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका असतात, शाळेतून छापून मागा.

डोंबिवलीहून
शाळेत छापायची अडचण असेल तर मला सांगा. शिमग्याला येताना सगळ्या विषयांचे संच छापून आणतो, वाडीतल्या सगळ्या दहावीच्या मुलांसाठी. किती प्रती लागतील तेवढं कळवा.

कातळवाट
वाडीत पाच मुलं आहेत दहावीला. पण शिमग्याला आणलेत तर उशीर होईल हो, अर्धी परीक्षा झालेली असेल. पुढच्या आठवड्यात कुणी गावी येणार असेल तर त्याच्याकडे द्याल का?

डोंबिवलीहून
शनिवारी रात्री भाऊ निघतोय. त्याच्या हाती देतो. भूगोलाचे कोरे नकाशे जास्त टाकतो.